अर्नाळ्याच्या माश्या

अर्नाळ्याला लोक जातात ते किल्ला पाहायला, नाहीतर ताजी मासळी घ्यायला. गेल्या मार्गशीर्षात मी गेलो तो माश्यांचे फोटो काढायला! निघताना सौ.नी विचारले, “घरात कमी आहेत का?” प्रश्न बिनतोड होता, पण निवृत्त माणसाला काही तरी छंद हवाच.

विरारहून बसने किनाऱ्यावर पोचलो. समोर पाण्यात १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला जलदुर्ग, आणि अलीकडे बांबूच्या वलांड्यांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने वाळत टांगलेले बोंबील. वास म्हणाल, तर पहिली पाच मिनिटे कठीण जातात. मग नाकच हार मानते.

ओल्या बोंबलांवर माश्यांची पंगत बसली होती. मोरपंखी अंगाची, लालबुंद डोळ्यांची, ती क्रायसोमिया मेगासेफाला. समोरून फोटो घेतला की नरमादीही कळते: नराचे डोळे कपाळावर एकमेकांना भिडलेले, मादीच्या डोळ्यांत फट. शेजारी एक करडी माशी होती. मोबाइलमध्ये तिला टिपून मी वहीत ऐटीत लिहिले, ‘घरमाशी.’

वलांडीपाशी उभ्या असलेल्या कोळीणमावशी म्हणाल्या, “घरची नाय ती, दादा. ती राखी. हिरवी अंडी तरी घालते, कण्यांसारखी. दिसली की पुसता येतात. ही मेली थेट जिवंत किडाच टाकते.”

मी हसलो. “मावशी, माश्या अंडी घालतात.”

“घालत असतील तुमच्या मुंबईच्या!”

घरी येऊन फोटो एका मित्राला पाठवले. त्याने कॉलेजात जन्मभर प्राणिशास्त्र शिकवले. त्याचे उत्तर आले: “पाठीवरचे काळे पट्टे मोज. घरमाशीला चार असतात. तुझ्या माशीला तीन, शिवाय पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. ही मांसमाशी, सार्कोफॅजिडी कुळातली. हिच्या पोटातच अंडी उबतात आणि ती अळ्या टाकते. मात्र नेमकी जात फोटोवरून सांगणार नाही. त्यासाठी बहुधा नर पकडून त्याचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते.”

फोटो मोठा करून मोजले. तीनच! पण अळ्या टाकण्याची गोष्ट माझ्या चाळीस फोटोंपैकी एकातही नव्हती. ती मावशींनी वर्षानुवर्षे उभे राहून पाहिली होती.

आठवड्याने चूक कबूल करायला पुन्हा गेलो. आभाळ भरून आले होते. मावशी अर्धवट सुकलेल्या बोंबलांतून किडलेले निवडून टोपलीत टाकत होत्या. टोपली निम्मी भरली होती.

“मावशी, तुमचे खरे होते. तिला सार्कोफॅगा म्हणतात.”

“नावानं ऊन पडतं का?” त्या वर न बघता म्हणाल्या. “दोन दिवस ऊन नाय. ओलं राहिलं की तिचं फावतं.”

यावर बोलण्यासारखे माझ्याजवळ काही नव्हते. मोबाइल खिशात टाकून मी शेजारच्या वलांडीवरचे बोंबील पाहू लागलो. तासाभराने मावशींनीच हाक मारली. त्यांच्या हातातल्या बोंबलावर एक करडी माशी बसली होती आणि तिच्यामागे पांढरा, इवलासा जीव वळवळत होता.

“आता काढा फोटू,” त्या म्हणाल्या.

रात्री वहीतली ‘घरमाशी’ खोडून मी लिहिले: ‘मांसमाशी, अर्नाळा. जात अनिश्चित. ओळख पटवली: मावशींनी.’