साधा खोकला

आमच्या एका जुन्या स्नेह्यांस एच्. आय्. व्ही.ची बाधा आहे, ही गोष्ट त्यांची पत्नी, त्यांचे डॉक्टर आणि आम्ही एवढ्यांसच ठाऊक. औषध सुरू होऊन बारा वर्षें झालीं. रोज रात्रीं एक गोळी. रक्ताच्या तपासणींत विषाणु सांपडत नाहीं, अंगावर मांस चढलें आहे. त्यांचा आजार आम्ही जवळजवळ विसरूनच गेलों होतों, आणि तेंच नडलें.

गेल्या माघांत ते चार दिवस आमच्याकडे राहिले. रात्रभर खोकत, सकाळीं उशी घामानें ओली. आम्हीं मोठ्या ऐटीनें अडुळशाचा काढा करून दिला आणि शहरांतील धुळीस यथेच्छ नांवें ठेविलीं. (कोणत्याही दुखण्यावर काढा सुचविण्याचा आम्हां मंडळींचा हक्क अजून कोणीं काढून घेतलेला नाहीं!) महिन्याभरानें थुंकी तपासली, तों क्षय.

एच्. आय्. व्ही. दबला म्हणजे क्षयाचें भय सरलें, असा आमचा समज होता. तो चुकीचा. या औषधांनीं क्षयाचा धोका पुष्कळ, सुमारें दोनतृतीयांश, उतरतो. परंतु बाधा नसलेल्या माणसाइतका तो खालीं येत नाहीं. आपल्या देशांत क्षयाचे जंतु कित्येकांच्या छातींत निजलेले असतात. त्यांवर पहारा करणाऱ्या रक्तांतील शिपायांचाच हा विषाणु आधीं घास घेतो. औषधानें त्यांची संख्या वाढते, पण मोडलेला पहारा पुरता पूर्ववत् होतोच असें नाहीं. म्हणून खोकला, ताप, वजन घटणें, रात्रींचा घाम यांपैकीं एकही लक्षण दिसल्यास अशा माणसाची क्षयासाठीं तपासणी करावी, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०११ सालींच सांगून ठेविलें आहे. चारांपैकीं दोन आमच्या डोळ्यांसमोर होतीं.

क्षय नाहीं अशी खात्री झाल्यावर सहा महिने आयसोनायझिड घेतल्यास पुढील धोका आणखी कमी होतो. त्या गोळ्या आमच्या स्नेह्यांस पूर्वीं देऊं केल्या होत्या. “आणखी एक पुडी घरांत दिसली तर आई विचारील,” म्हणून त्यांनीं त्या घेतल्या नाहींत.

क्षयाचें मात्र त्यांनीं आईस उघड सांगितलें. जें नांव तिच्या लहानपणीं दार लावून घेत असत, तें ऐकून म्हातारी म्हणाली, “हा तर आतां बरा होतो रे!” आणि सोवळें बाजूस ठेवून अंडीं उकडावयास लागली. दुसरें नांव तिला अद्याप ठाऊक नाहीं.