फोटोतले मामंजी

धाकट्या दिराच्या लग्नाचा ग्रुप फोटो हाती आला, तेव्हा सासूबाई हळूच म्हणाल्या, ''यात यांना बसव ना कुठंतरी.'' मामंजींना जाऊन दीड वर्ष झालं होतं.

दुपारची कामं आवरून मी कॉम्प्युटरपुढे बसले. फोटोशॉपमध्ये १९९४ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून लेयर्सची सोय आहे. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत, तसे हे थर. खाली लग्नाचा फोटो, वर मामंजींचा जुना. त्यांच्यामागची भिंत खोडायची नाही. मास्कवर काळा रंग फिरवला की ती झाकली जाते. हात चुकून कान गेला, तर पांढरा फिरवायचा, कान परत! पोळी करपल्यावर अशी सोय कुठे असते?

अडलं ते उजेडापाशी. मंडपात उजेड डावीकडून, मामंजींच्या चेहऱ्यावर उजवीकडून. मग तो थर आडवा उलटवला. उजेड जुळला. रंग थोडा पिवळसर केला, खांद्याशी सावली दिली. मला तर ते तिथे उभेच होते असं वाटू लागलं.

सासूबाईंनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ''भांग उजवीकडे कसा? आणि खिसाही?''

उलटवण्याच्या नादात माझ्या लक्षातच आलं नव्हतं. ''पुन्हा करते, आई.''

''नको. ते नव्हतेच गं त्या दिवशी.''

मी थराशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद केलं. मामंजी दिसेनासे झाले. सासूबाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ''एकदा परत आण. मग बंद कर.''