थकबाकीची गोळी

आमच्या घरात हृदय असलेली व्यक्ती एकटी आपणच, असं आईचं जुनं मत आहे. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी त्याला लेखी दुजोरा दिला. ठोके बेताल आणि पंप दुबळा. औषध डिगॉक्सिन, पाव मिलिग्रॅमची गोळी, रोज एक, शनिवार-रविवार सुटी.

मी चाट पडलो. आम्हा बँकवाल्यांना दुसरा आणि चौथा शनिवार मिळायला 2015 साल उजाडावं लागलं, आणि या गोळीला पहिल्या दिवसापासून पाच दिवसांचा आठवडा!

गोळी डिजिटॅलिस नावाच्या युरोपातल्या झाडाच्या पानांतून काढतात, हे ऐकून आई खूश झाली. झाडपाल्याचं ते निर्धोक, ही तिची श्रद्धा.

महिन्याभरानं भाताचं प्रकरण उद्भवलं. "सूनबाई, साध्या भातात हळद कशाला?" ही म्हणाली, चिमूटभरही नाही. दुसऱ्या दिवशी दही पिवळं. तिसऱ्या दिवशी माझा पांढरा सदरा, आणि त्यावरून साबणाचा उद्धार. शिवाय आईला मळमळ, जेवण जाईना; तेही अर्थात सुनेच्या हातच्या चवीमुळे. मी बँकेतल्या शिरस्त्याप्रमाणे दोन्ही पक्षांचं ऐकून प्रकरण पेंडिंग ठेवलं.

चौथ्या दिवशी आई ओट्यापाशी मटकन खाली बसली. नाडी 42.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, "आजी, सगळं पिवळं दिसतंय का?" बायकोच्या चेहऱ्यावर निर्दोष सुटल्याचा आनंद उमटला आणि पुढच्याच क्षणी ती रडायला लागली.

चौकशीत उघड झालं, की आई शनिवार-रविवारच्या गोळ्याही सोमवारीच उरकायची. "थकबाकी कशाला ठेवायची?" कारकुनाची आई! ही गोळी ठोके आवरते. जास्त झाली की फारच आवरते. मूत्रपिंडं वयानं थकली की अंगात साचतही जाते. औषध आणि विष यांत अंतर उरतं ते आमच्या पगारात आणि खर्चात उरतं तेवढंच. वस्तू पिवळ्या-हिरव्या दिसतात हे विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं 1785 सालीच छापून ठेवलं होतं. आम्ही चार दिवस हळदीवर भांडत होतो.

आठवड्यानं आईला घरी सोडलं. "पण झाडपाल्याचंच ना ते?" निघतानाही तिचा प्रश्न.

"आजी, कण्हेरही झाडच. तिच्यात याच जातीचं विष असतं, म्हणून शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही."

रिक्षात आई बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "अरे, मी महादेवाला रोज कण्हेर वाहते. शनिवार-रविवारसुद्धा!"