वाळवंटातल्या शहराला निघण्याआधी

मुलांनो, मामाच्या गावाला जायची तयारी तुम्ही कधी सुरू करता? आदल्या रात्री, हो ना? आमची तयारी मात्र चार महिने आधीच सुरू झाली आहे! येत्या मे महिन्यात मी आणि माझी आई अमेरिकेतल्या लास व्हेगासला निघणार आहोत. माझी धाकटी बहीण तिथे राहते. तिची मुलगी सहा वर्षांची झाली, पण आजीने नातीला अजून फोनवरच पाहिलंय. आईचे गुडघे दुखतात. "आणखी दोन वर्षांनी मला जिना तरी चढता येईल का गं?" असं ती म्हणाली आणि बेत पक्का झाला.

ही गोष्ट मी चौथीच्या वर्गात सांगितली. लगेच पृथ्वीचा गोल टेबलावर आला. मुंबईपासून लास व्हेगासपर्यंत आम्ही दोरा ताणला. मुलांना वाटलं, तो युरोपवरून जाईल. पण दोरा सरकत सरकत थेट उत्तर ध्रुवाजवळ गेला! सपाट नकाशावर ही गंमत कळत नाही. अंतर भरलं सुमारे 14 हजार किलोमीटर.

भारतातून तिथे थेट विमान नाही, म्हणून लंडनला विमान बदलायचं ठरलं. एका तिकिटात मध्ये दीड तास मिळत होता, दुसऱ्यात चार तास. पहिलं थोडं स्वस्त होतं. "बाई, तेच घ्या," सगळे ओरडले. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, "पण आजींना पळता येतं का?" मी दुसरं तिकीट काढलं. चाकाच्या खुर्चीची नोंदही तेव्हाच केली. तिला वेगळे पैसे पडत नाहीत.

आता एक गणित. विमान पहाटे 3 वाजता सुटणार, प्रवास एकूण 24 तासांचा. मे महिन्यात तिथलं घड्याळ आपल्या साडेबारा तास मागे असतं. मग आम्ही पोचणार कधी? त्याच दिवशी दुपारी अडीचला! "म्हणजे बाई, दिवस फुकट मिळाला!" फुकट कसला? परत येताना तो वळता होणारच.

आईला नातीसाठी हापूसची पेटी न्यायची होती. पण ताजे आंबे प्रवाशाला अमेरिकेत नेता येत नाहीत. फळांतून कीड जाऊन तिथल्या बागांना लागू नये, म्हणून हा नियम. 2007 पासून आपला आंबा तिकडे विकायला जातो, पण किरणांची प्रक्रिया करूनच. तसं एक केंद्र आपल्या नाशिक जिल्ह्यात लासलगावला आहे. आईचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिने जुन्या साड्या काढल्या आणि गोधडी शिवायला घेतली. गोधडीला कुठेच बंदी नाही!

लास व्हेगास प्रसिद्ध आहे ते झगमगाटासाठी. तिथे मोठमोठे जुगारखानेही आहेत, पण 21 वर्षांखालच्यांना तिथे खेळायला बंदी. वर्षाचा पाऊस जेमतेम 10 सेंटिमीटर. हे ऐकून पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. तिच्या वस्तीवर उन्हाळ्यात टँकर येतो. तिने विचारलं, "मग एवढी माणसं पाणी कुठलं पितात?"

मी वाचून उत्तर आणलं. 'लास व्हेगास' म्हणजे स्पॅनिश भाषेत कुरणं. पूर्वी तिथे झरे होते. आता बहुतेक पाणी येतं कोलोरॅडो नदीवरच्या मीड जलाशयातून. 1935 साली पुरं झालेल्या 221 मीटर उंचीच्या हूवर धरणामुळे तो तयार झाला. जुलै 2022 मध्ये त्याचं पाणी फारच खाली गेलं होतं. घराघरांतलं सांडपाणी शुद्ध करून पुन्हा जलाशयात सोडतात. 2021 साली तर नुसत्या शोभेची हिरवळ काढून टाकायचा कायदाच झाला.

ती मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "बाई, दिवे नंतर बघा. आधी पाणी बघून या."

माझ्या प्रवासाच्या वहीत पहिल्या पानावर आता 'हूवर धरण' लिहिलंय. औषधं हातातल्या पिशवीत, गोधडी मोठ्या बॅगेत आणि तिचा प्रश्न माझ्यासोबत. परत आले की उत्तर सांगेनच!