वऱ्हाडच्या शहजादीच्या गावी

इस्तंबूलला विमान उतरलं तेव्हा तिथे सकाळचे सहा वाजले होते आणि माझ्या घड्याळात साडेआठ. घड्याळ अडीच तास मागे केलं, विमानतळावरच्या नमाजच्या खोलीत फजर अदा केली आणि बाकावर बसून राहिलो. वय अडुसष्ट. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. उमरखेडहून नांदेड, नांदेडहून मुंबई हा प्रवास शेकडो वेळा केला, पण परक्या देशात, तेही एकटा, पहिल्यांदाच आलो होतो.

मुलगा म्हणाला होता, “अब्बा, ग्रुपसोबत जा. या वयात एकटं कशाला?” त्याचं चुकत नव्हतं. पण हा बेत आम्हा दोघांचा होता. सेवानिवृत्तीनंतर बेगमने माझ्यासोबत स्वतःचाही पासपोर्ट काढून घेतला होता. त्यावर एकही शिक्का पडला नाही. दोन वर्षांपूर्वी ती अल्लाहकडे गेली. तिच्याशिवाय कुणाच्या टोळीत मिसळून फिरावं असं वाटेना.

इस्तंबूलच का, असं अनेकांनी विचारलं. त्याचं उत्तर आमच्या यवतमाळ जिल्ह्यातच आहे. आमच्या पैनगंगेच्या पलीकडे निजामाचा मराठवाडा होता आणि अलीकडे वऱ्हाड. वऱ्हाडही मुळात निजामाचंच. 1853 च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला, पण नावाची मालकी निजामाचीच राहिली. म्हणून 1936 मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाला, आझम जाह यांना, ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड. त्यांची बेगम दुर्रेशहवार ही शेवटचे उस्मानी खलिफा अब्दुल मजीद यांची मुलगी. तिचा जन्म 1914 चा, इस्तंबूलच्या उस्कुदार भागातला. अशी ही आमच्या वऱ्हाडची शहजादी! दादा हे सांगायचे तेव्हा मला ती परीकथा वाटायची.

हॉटेलात सामान टाकलं आणि ट्रामने सुलतान अहमद मशिदीकडे निघालो. तुर्की भाषेचा एक शब्द येत नाही, ही सगळ्यात मोठी धास्ती होती. पण पाट्या वाचू लागलो आणि मास्तर जागा झाला. चौकाला ते ‘मेयदान’ म्हणतात, आपलं मैदान. दुकानाला ‘दुक्कान’, साबणाला ‘साबून’, कागदाला ‘कियात’, बिलाला ‘हेसाप’, म्हणजे आपला हिशेब. ताज्याला ‘ताझे’, पनीरला ‘पेयनीर’, दुनियेला ‘दुन्या’. फक्त ‘तमाम’ने फसवलं. आपल्याकडे तमाम म्हणजे सगळे. तिथे तमाम म्हणजे ‘ठीक आहे’. चहावाल्याने “तमाम?” विचारलं, तेव्हा मला वाटलं तो सगळे पैसे मागतोय! अरबी-फारसीतून आलेले हे शब्द आपण रोज मराठीत वापरतो आणि त्यांचे भाऊबंद इतक्या दूर राहतात, हे वर्गात कधी शिकवलं नव्हतं.

सुलतान अहमद मशीद 1616 मध्ये पूर्ण झाली. सहा मिनार आणि आत इझनिकच्या वीस हजारांहून अधिक निळ्या फरशा. दगडी बैठकीवर बसून नळाखाली वुजू केला. शेजारच्या म्हाताऱ्याने सलाम केला. मी “हिंदुस्तान” म्हणालो, त्याने छातीवर हात ठेवला. जोहरच्या जमातीत उभा राहिलो आणि परकेपणा गळून गेला. तिथले बहुतेक लोक आपल्यासारखेच हनफी, त्यामुळे हात बांधण्यापासून सलाम फिरवण्यापर्यंत सगळं ओळखीचं. मी मुसाफिर, पण इमाम मुकीम. त्यामुळे त्याच्यामागे पूर्ण चार रकात पढलो. नमाजनंतर मुअज्जिनच्या आवाजामागोमाग सगळी जमात एकत्र तस्बीह पढते, ते मात्र नवीन होतं. एक मांजर गालिच्यावर बिनधास्त झोपलं होतं. कुणी त्याला हाकललं नाही.

तिथून एमिनोनूच्या धक्क्यावर आलो. उस्कुदारला जायचं तर बोटीने समुद्र ओलांडायचा. युरोपातून आशियात, वीसेक मिनिटांत. गर्दीबरोबर मी बोटीत चढलो. वरच्या डेकवर छोट्या कमरेच्या ग्लासात चहा घेतला, सिमित नावाचं तिळाचं कडं खाल्लं. वेळ बराच झाला, तरी उस्कुदार येईना. उतरलो तर पाटीवर ‘काडिकॉय’. धक्के वेगवेगळे असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

फोनमध्ये तिथलं सिम नव्हतं. असरची वेळ झाली होती. चार वाट्या फुटलेल्या चौकात मी उभा होतो आणि पहिल्यांदा भीती वाटली. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. अशा वेळी पुढे होऊन विचारायचं काम नेहमी बेगम करायची. मी सामान धरून मागे उभा राहायचो. चाळीस वर्षं मला वाटत होतं की तिला मी फिरवतोय.

शेवटी डोक्याला रुमाल बांधलेल्या एका बाईंना सलाम केला आणि एवढंच म्हटलं, “उस्कुदार? नमाज?” त्यांनी मला बसपर्यंत नेलं, ड्रायव्हरला काहीतरी सांगितलं आणि मान डोलावून म्हणाल्या, “तमाम.” या वेळी मला अर्थ कळला.

उस्कुदारच्या धक्क्यासमोरच मिहरिमाह सुलतान मशीद आहे. सोळाव्या शतकात मिमार सिनानने बांधलेली. तिथे एकट्याने असरच्या दोन रकात कस्र अदा केल्या आणि किनाऱ्यावर जाऊन बसलो. समोरच्या काठावर डोल्माबाहचेचा पांढरा राजवाडा. मार्च 1924 मध्ये खिलाफत रद्द झाली आणि त्याच रात्री अब्दुल मजीद यांना कुटुंबासह तिथून देशाबाहेर काढलं गेलं. दुर्रेशहवार तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे निजामाने खलिफांना तनखा दिला आणि 1931 मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात तिचा निकाह झाला. 1944 मध्ये पॅरिसमध्ये खलिफांचं निधन झालं, पण मायभूमीत दफनाची परवानगी मिळाली नाही. मय्यत दहा वर्षं पॅरिसच्या मशिदीत राहिली आणि अखेर मदिन्यात जन्नतुल बकीत दफन झाली. शहजादीने हैदराबादेत दवाखाना उभा केला, तो आजही तिच्या नावाने चालतो. दहा वर्षांच्या पोरीने एका रात्रीत घर सोडलं आणि परक्या मुलखात लोकांच्या कामी आली. मी तर चार तासांसाठी वाट चुकलो होतो.

राजवाड्यामागे सूर्य बुडाला. मगरीबची अजान एका मिनारावरून सुरू झाली, मग दुसऱ्या, मग पाण्यापलीकडूनही. नमाजनंतर बेगमसाठी दुआ मागितली. परतताना समुद्राखालून जाणारी मारमाराय रेल्वे घेतली; या वेळी चढण्याआधी दोघांना विचारलं.

हॉटेलच्या वायफायवर मुलाचे अकरा मिस्ड कॉल दिसले. “अब्बा, कुठे होता?” मी म्हणालो, “वाट चुकलो होतो, बेटा. विचारायला शिकलो.” पलीकडे तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “उद्या कुठे जाणार?”