हानलेची अमावास्या

“तो तिथे नक्की करतो काय, ते एकदा डोळ्यांनी बघून ये. आणि दिवाळीला त्याला घरी आणायचे पक्के करून ये,” असे ताईने बजावले आणि 2025 च्या ऐन पितृपंधरवड्यात मी रजा काढून लडाखची वाट धरली.

लेहहून गाडी बराच वेळ सिंधूच्या काठाने धावते. हानलेला पोचेपर्यंत दिवस मावळतीला येतो. उंची सुमारे 4,300 मीटर. चार पायऱ्या चढल्या की माझ्यासारख्या भाषेच्या प्राध्यापकाला स्वल्पविराम घ्यावाच लागतो!

टेकडीवर सतराव्या शतकातला गोम्पा, आणि दूर उघड्या माळावर भाच्याची ‘मेस’. ताईला इतके दिवस तो खानावळीबद्दल बोलतो असेच वाटे. ही मेस म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राची दुर्बीण. 4 ऑक्टोबर 2024 रोजी तिचे उद्घाटन झाले. ना घुमट, ना नळी; नुसता 21 मीटर व्यासाचा, शेकडो तुकडे जोडून केलेला आरसा.

“मामा, गॅमा किरण जमिनीपर्यंत येतच नाहीत,” भाचा म्हणाला. ते वरच हवेवर आदळतात, कणांची सर उसळते आणि सेकंदाच्या काही अब्जांश भागांपुरती निळसर चमक उमटते. ही चमक टिपायची. त्यातही बहुतेक चमका भलत्याच विश्वकिरणांच्या. तांदळातले खडे निवडतात, इथे खड्यांतून तांदूळ निवडायचे!

त्याचा तांदूळ येतो मार्कारियन 421 मधून. सप्तर्षींच्या दिशेची, सुमारे 40 कोटी प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका. इतक्या अंतराला ‘जवळची’ म्हणतात हे ऐकून मी गप्प बसलो. तिच्या पोटातल्या प्रचंड कृष्णविवरापाशी निघणारा झोत नेमका आपल्या रोखाने येतो. तिचे हे प्रखर किरण प्रथम 1992 साली सापडले. नाव एका आर्मेनियन ज्योतिर्विदाचे; ताईने त्याचा केव्हाच ‘मार्कंडेय’ केला आहे. हा मार्कंडेय लहरी. 1996 साली तो तासाभरात दुप्पट उजळला होता. त्या तासाला आपण जागे नसलो, तर गेलाच.

रात्री मुक्कामाच्या घरी खिडकीला जाड काळा पडदा होता. बाहेर आलो तर स्वतःचा हात दिसेना.

मग मी दिवाळीचा विषय काढला.

“मामा, दिवाळी कधी असते?”

“अमावास्येला.”

“आमचे काम चंद्र नसतानाच. आणि सूर्याआड गेलेली माझी दीर्घिका तेव्हाच पहाटे पुन्हा वर येते.”

पंचांग त्याच्या बाजूने! मी काय बोलणार?

परतल्यावर ताईला सगळे सांगितले. किरणांचे तिने निमूट ऐकून घेतले. अमावास्येपाशी मात्र तिचा हात चकलीच्या सोऱ्यावर थांबला.

“बरं,” ती म्हणाली, “नरकचतुर्दशीला पहाटे उठेल तरी ना तो?”

“अगं, तो झोपणारच नाही.”


ताईने उटण्याची पुडी फराळाच्या डब्यात घातली आणि पार्सलवर पत्ता लिहायला डबा माझ्याकडे सरकवला.