जिन्यातलं गाणं

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात करड्या काठाचं एक पोस्टकार्ड आलं. घरात मृत्यू झाला आहे, यंदा नववर्षाच्या शुभेच्छा राहू द्याव्यात, असा छापील मजकूर आणि खाली नाव, वय. जपानमध्ये माणूस गेल्याचं पुष्कळदा असं वर्षअखेरीला टपालातूनच कळतं. नाव आमच्या जुन्या ऑफिसातल्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं होतं. ते जूनमध्येच गेले होते.

त्या रात्री मी त्यांनी कधीकाळी गाणी भरून दिलेली एमडी, म्हणजे मिनिडिस्क, शोधून काढली. ती वाजवायचं यंत्र घरात उरलेलं नाही. पण डबीत घडी घातलेला कागद होता, त्यावर त्यांच्या बारीक, सरळ अक्षरात गाण्यांची नावं. सगळी इमावानो कियोशिरो या जपानी रॉक गायकाची. टोकियोत आले तेव्हा माझं जपानी पुण्यात परीक्षा देऊन कमावलेलं, पुस्तकी होतं. कानाला सवय होईल असं काहीतरी सांगा, असं मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना म्हटलं होतं. त्यांनी नुसती मान हलवली. पुढच्या सोमवारी एमडी टेबलावर होती.

निवड अचूक होती. कियोशिरो प्रत्येक अक्षर सुटं, ठसठशीत गातो. आवाज चिरका, किंचित नाकातला, पण शब्द एकही गिळत नाही. यादीत पहिलं गाणं होतं 1972 चं ‘बोकु नो सुकि ना सेन्सेइ’, म्हणजे माझे आवडते सर. हिनोच्या शाळेतले त्याचे चित्रकलेचे शिक्षक इतर शिक्षकांत न बसता चित्रकलेच्या खोलीत एकटेच सिगारेट ओढत बसायचे. त्या अबोल माणसावर एका विद्यार्थ्याने गाणं केलं आणि ते गाजलं. दुसरं ‘स्लो बॅलड’, 1976 चं. मैदानाजवळ उभ्या केलेल्या गाडीत रात्र काढणारी दोघं आणि रेडिओ, एवढाच ऐवज. मागे सॅक्सोफोन रडतो. हे गाणं ज्या ‘सिंगल मॅन’ अल्बममध्ये आहे तो तेव्हा खपला नाही आणि बाजारातून नाहीसाही झाला. चाहत्यांनी पाठपुरावा करून तो 1980 मध्ये पुन्हा काढायला लावला. त्या चाहत्यांबद्दल मला आजही प्रेम वाटतं. मग ‘ट्रान्झिस्टर रेडिओ’, वर्ग चुकवून शाळेच्या गच्चीवर पडलेल्या मुलाचं. आणि ‘आमेआगारी नो योझोरा नि’, जे कराओकेत सुरू झालं की एरवी कुणाच्या नजरेला नजर न देणारे माझे सहकारी टाय सैल करून उभे राहायचे.

पण त्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं नाव काढलं की मला आठवतो तो ऑफिसचा जिना. 2011 चा मार्च संपत आला होता. भूकंपानंतर वीज वाचवायची म्हणून निम्म्या ट्यूबलाइट काढल्या होत्या, लिफ्ट बंद होती, सगळे अंधुक जिन्यातून चढ-उतार करत होते. एका संध्याकाळी मी खाली उतरत होते आणि वरच्या मजल्यावरून गाण्याचा आवाज आला. पुटपुटणं नव्हे, चांगला मोकळा आवाज. ‘समरटाइम ब्लूज’. ऑफिसात ज्यांनी कधी शीळही घातली नाही ते हे गात होते. मला बघून ते थांबले नाहीत. कडवं पुरं करूनच मग वाकून नमस्कार केला.

या गाण्याचा इतिहास इथे सांगितलाच पाहिजे. मूळ गाणं एडी कॉक्रनचं, 1958 चं. कियोशिरोने त्याला जपानी शब्द दिले ते अणुवीज केंद्रांविरुद्ध. गर्दीच्या बेटावर भट्ट्या वाढत चालल्या आहेत आणि भूकंप तर यायचाच आहे, असं त्यात सरळ म्हटलेलं. 1988 मध्ये त्याच्या ‘आरसी सक्सेशन’ बँडने अशा परकीय गाण्यांचा ‘कव्हर्स’ हा अल्बम केला. रेकॉर्ड कंपनी होती तोशिबा-इएमआय आणि तोशिबा स्वतः अणुभट्ट्या बांधणारी. 22 जूनला वर्तमानपत्रांत कंपनीची जाहिरात आली: अल्बम अतिशय उत्कृष्ट असल्यामुळे तो प्रसिद्ध करता येत नाही. या नम्रपणाची मला अजून चीड येते. ‘आम्हाला परवडत नाही’ म्हणाले असते तर निदान भांडता आलं असतं. शेवटी 15 ऑगस्टला, युद्ध संपल्याच्या दिवशी, किटी या दुसऱ्या कंपनीने तो काढला आणि तो विक्रीत पहिल्या क्रमांकावर गेला. तेवीस वर्षांनी, त्याच 2011 च्या मार्चमध्ये, फुकुशिमाची अणुदुर्घटना झाली. तोवर कियोशिरो जाऊन जवळजवळ दोन वर्षं झाली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये राजापूरहून मामाचा फोन आला. “तुमच्याकडचं टीव्हीवर रोज बघतोय. आणि तेच इथे आणतायत,” तो म्हणाला. जैतापूरच्या प्रकल्पासाठी माडबनच्या सड्यावर जमीन घेतली गेली होती. 1,650 मेगावॉटच्या सहा भट्ट्यांची योजना होती. 18 एप्रिलला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. मामाला मी जिन्यातल्या गाण्याबद्दल सांगितलं. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, “आपल्याकडे असं कुणी गायला हवं होतं.”

कियोशिरोचं नाव निघालं की लोक लगेच ‘बंडखोर’ म्हणतात. उभे केस, रंगवलेला चेहरा, 1999 मध्ये राष्ट्रगीत पंक चालीत गायलं म्हणून कंपनीने अडवलेला आणखी एक अल्बम, हे सगळं खरंच आहे. पण त्याची गाणी लागोपाठ ऐकली की जाणवतं, हा माणूस चिडतो ते ज्यांच्यावर जीव आहे त्यांच्यासाठी. 2006 मध्ये त्याला घशाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रियेने आवाज जाणार म्हणून त्याने ती नाकारली. 10 फेब्रुवारी 2008 ला टोकियोच्या बुदोकान सभागृहात तो पुन्हा गायला. 2 मे 2009 ला गेला, अठ्ठावन्नाव्या वर्षी. टोकियोतल्या आओयामाला त्याला निरोप देण्यासाठी 40,000 हून जास्त माणसं रांगेत उभी होती. ते ज्येष्ठ सहकारीही त्यात होते. सोमवारी ऑफिसात आले तेव्हा त्यांचं नाक उन्हाने सोललेलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

यादीतलं शेवटचं गाणं ‘डेड्रीम बिलीव्हर’. मूळचं ते मंकीज या अमेरिकन बँडचं. 1989 मध्ये कियोशिरोने चेहरा झाकून, ‘द टायमर्स’ नावाच्या वेगळ्या बँडमधून ते जपानीत गायलं. आता ते एका दुकानसाखळीच्या जाहिरातीत वाजतं आणि दूध घ्यायला आलेल्या पोरांना ते गोड प्रेमगीत वाटतं. मला त्याचं वाईट वाटतं. ते एका आईसाठी आहे. कियोशिरो तीन वर्षांचा असताना त्याची जन्मदाती आई गेली आणि मावशीने त्याला आपला मुलगा म्हणून वाढवलं. हा मुलगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा नुसता गिटार घेऊन बसायचा. काळजीने या बाईंनी ‘असाही शिंबुन’च्या सल्ल्याच्या सदराला पत्र लिहिलं: मुलगा अभ्यास करत नाही, कॉलेजला जायचं नाही म्हणतो, काय करू? पत्र छापूनही आलं. दत्तक आईवडील गेल्यानंतरच, तिशी पार केलेल्या कियोशिरोला जन्मदात्या आईच्या वस्तू आणि फोटो पाहायला मिळाले. त्यानंतर हे गाणं आलं. गेलेल्या आईची आठवण काढत तो यात दोघींपैकी कुणाला हाक मारतो, यावर चाहते अजून बोलतात. माझा कौल वर्तमानपत्राला पत्र लिहिणाऱ्या बाईंना.

मला यादीचा क्रम बदलायचा झाला तर एकच बदल करीन, ‘स्लो बॅलड’ पहिलं घेईन. जपानी येत नसलं तरी चालेल. रात्री हेडफोन लावून ऐका. मग ‘कव्हर्स’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधलं काहीही न वगळता. ‘डेड्रीम बिलीव्हर’ सगळ्यांत शेवटी, आणि जाहिरातीतला तुकडा नव्हे, पूर्ण गाणं ऐका.